गणवेशातले मास्तर: नौदलाच्या शिक्षण शाखेतील कारकीर्द प्रत्यक्षात कशी असते?

साखळीच्या एका पालकांनी विचारले आहे: “माझी मुलगी गोवा विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली आहे आणि नौदलाच्या शिक्षण शाखेत अधिकारी म्हणून जायचे, असा तिचा हट्ट आहे. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे, की शेवटी शिकवायचेच असेल तर इथलेच एखादे उच्च माध्यमिक विद्यालय काय वाईट? नौदलात जाऊनही ती फळ्यापुढेच उभी राहणार असेल, तर त्या कारकिर्दीत नेतृत्वाला वाव किती, आणि माणूस पोहोचतो कुठपर्यंत?”

आपल्या घरातला हा प्रश्न पस्तीसेक वर्षांपूर्वी आमच्याही घरात विचारला गेला होता. माझे वडील मराठी प्राथमिक शाळेत मास्तर होते. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव शाळा काढल्या, त्या काळात नोकरीला लागलेल्यांपैकी ते एक. मी नौदलात गेलो तेव्हा नौदलाची अकादमी इथेच, वेरे येथील ‘आयएनएस मांडवी’ या नाविक तळावर होती, १९८६ मध्ये ती कोचीहून गोव्यात आली आणि २००९ मध्ये केरळातील एझिमला येथे कायमची गेली. मांडवी नदीवरचा पूल १९८६ च्या जुलैत कोसळलेला होता आणि नव्या पुलाला अजून अवकाश होता. म्हणून फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावाहून पणजीपर्यंत बसने, तिथून फेरीबोटीने बेतीला आणि पुढे वेऱ्याला, असा माझा नौदलप्रवेश झाला. वडील पणजीच्या धक्क्यापर्यंत सोडायला आले होते. ते म्हणाले, “मास्तरच व्हायचे होते, तर नदी ओलांडायची काय गरज होती?” तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. कॅप्टन म्हणून निवृत्त झाल्यावर ते थोडेफार देता येईल असे वाटते. आपल्या कन्येचा विचार करताना त्यातले जे उपयोगी पडेल ते घ्यावे.

आधी थोडक्यात सांगतो. शिक्षण शाखेतील अधिकारी वर्गात शिकवतो, हे खरे आहे. पण पहिली काही वर्षे सरली की त्याचा बहुतेक वेळ दुसऱ्यांनी काय शिकवावे, किती दिवसांत शिकवावे, आणि शिकणाऱ्याला ते खरोखर आले हे कशावरून ओळखावे, हे ठरवण्यात जातो. शाळेत मूल उत्तीर्ण झाले की ते शिक्षकाच्या हिशेबातून बाहेर जाते. इथे उत्तीर्ण झालेला मुलगा सहा महिन्यांत एखाद्या युद्धनौकेच्या इंजिनकक्षात रात्रपाळीवर उभा असतो आणि त्याला काय येत नाही, याची तक्रार त्या नौकेवरून लेखी स्वरूपात आपल्या मेजावर परत येते. या तक्रारीची धास्ती आणि तिच्याविषयीची आस्था ज्याला असते, तोच पुढे प्रशिक्षणाचे नेतृत्व करू शकतो, असे माझे मत आहे.

आपली कन्या भौतिकशास्त्राची आहे, म्हणून तिला समजेल असेच उदाहरण घेतो. नौकेच्या एखाद्या कप्प्यात पाणी शिरले की नौका वजनाने बुडेल, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात त्याआधीच ती कलंडू शकते. परातीत दोन तांबे पाणी घेऊन चालून पाहावे आणि तेच पाणी कळशीत घेऊन चालून पाहावे. पाणी तेवढेच असूनही परात हातात ठरत नाही. रुंद कप्प्यात मोकळे पसरलेले पाणी नौका कलली की त्याच बाजूला धावते आणि तिला आणखी कलवते. यामुळे स्थैर्याची जी हानी होते, ती पाण्याच्या खोलीवर फारशी अवलंबून नसते. ती कप्प्याच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणूनच त्या कप्प्याच्या मधोमध लांबीच्या दिशेने एक आडभिंत घातली, की हानी एकदम चौथ्या हिश्शावर येते. हे गणित एम.एस्सी. झालेल्या मुलीला पाच मिनिटांचे आहे. बारावी झालेल्या, घरापासून पहिल्यांदाच दूर आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला ते सूत्राने पटत नाही, परातीने पटते.

आता हेच ज्ञान आगीच्या वेळी काय करते ते पाहा. आग लागली की पाणी मारायचे, हे कोणालाही सुचते. फेब्रुवारी १९४२ मध्ये न्यूयॉर्क बंदरात ‘नॉर्मंडी’ या अवाढव्य फ्रेंच प्रवासी जहाजाला आग लागली, तेव्हा विझवणाऱ्यांनी वरच्या मजल्यांवर एवढे पाणी ओतले की आग आटोक्यात आल्यानंतर ते जहाज धक्क्यालाच एका कुशीवर आडवे झाले. ज्या नौसैनिकाला परातीची गोष्ट कळलेली असते, तो एका हाताने पाणी मारताना दुसऱ्या हाताने ते उपसण्याची सोय करतो. हे अंगात मुरावे म्हणून नौदलाकडे डॅमेज कंट्रोलची, म्हणजे नौकेची हानी आटोक्यात ठेवण्याच्या सरावाची, सिम्युलेटरे आहेत. ती बांधण्यात आपल्या वास्कोच्या गोवा शिपयार्डचा मोठा वाटा आहे आणि लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’वरील सिम्युलेटर त्यांपैकीच एक. लोखंडी कप्पा हलतो आणि कलतो, भिंतीतल्या भोकांतून जोराने पाणी आत येते, दिवे जातात, आणि मुलांनी गळ्यापर्यंत पाणी चढण्याआधी लाकडी पाचरी व टेकू ठोकून ती भोके बुजवायची असतात. वर्गात पेंगणारा मुलगा तिथे पाच मिनिटांत जागा होतो. बाहेर आल्यावर, कपडे निथळत असताना तो जे प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरे देण्यासाठी तिथे हजर असणे, हे मला माझ्या नोकरीतले सर्वांत मोलाचे अध्यापन वाटत आले आहे.

तोफखाना तोफखान्याचे अधिकारी शिकवतात, इंजिन अभियंते शिकवतात, नौकानयन त्यातले विशेषज्ञ शिकवतात. शिक्षण शाखा गणित, भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक यांचा पाया घालते आणि या सर्वांच्या शिकवण्याची पद्धत सांभाळते. उत्तम तोफची उत्तम शिक्षक असतोच असे नाही, आणि त्याला हे सांगण्याचे नाजूक काम बहुधा आमच्याकडे येते. कोचीतील दक्षिण कमांड ही नौदलाची प्रशिक्षण कमांड आहे. लोणावळा, जामनगरची ‘वलसुरा’, ओडिशातील ‘चिल्का’, एझिमला अशी केंद्रे देशभर विखुरलेली आहेत. शिक्षण अधिकाऱ्याचे आयुष्य यांच्यामध्ये दोन-तीन वर्षांच्या बदल्यांत जाते. काही जणांना हवामान व समुद्रशास्त्राच्या विशेष शाखेत घेतले जाते. त्यांचे शिक्षण कोचीला होते, आणि मग शिकवण्याऐवजी विमानतळांवर व मोठ्या नौकांवर अंदाज वर्तवण्याचे काम येते. भौतिकशास्त्रवाल्यांना ही वाट सहसा आवडते. सैनिक शाळांत प्राचार्य किंवा उपप्राचार्य म्हणूनही या शाखेचे अधिकारी जातात. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ ची, म्हणजे मुक्तीच्या वर्षाचीच.

नेतृत्वाला वाव किती, हा आपला मुख्य प्रश्न. त्यावर एक अनुभव सविस्तर सांगतो. लेफ्टनंट कमांडर असताना माझी नेमणूक एका तांत्रिक प्रशिक्षण केंद्रात झाली होती. तिथल्या एका अभ्यासक्रमात मुलांना सरासरी पंच्याऐंशी टक्के गुण पडत आणि निकालाचा तक्ता मोठ्या अभिमानाने भिंतीवर लावलेला असे. नौकांवरून मात्र पत्रे येत, की नव्या मुलांना पाणी उपसायचा हलवता येण्याजोगा पंप वेळेवर सुरू करता येत नाही. मी आठवडाभर प्रात्यक्षिक परीक्षेला नुसता उभा राहिलो. तेव्हा दिसले, की पंप सिमेंटच्या ओट्यावर पक्का बसवलेला असे, त्यात पाणी आधीच भरून ठेवलेले असे, शोषणनळी हौदात सोडलेली असे, आणि परीक्षा सकाळी दहा वाजता, लख्ख उजेडात होत असे. मुलाने झडपा उघडून कळ दाबायची, की त्याला गुण. नौकेवर तोच पंप अरुंद जिन्यावरून उतरवावा लागतो, नळी ताठरलेली असते, जोडणीचे दाते खारट हवेने धरलेले असतात, आणि बहुधा रात्र असते.

परीक्षा बदलायला हवी, हे कोणालाही कळले असते. अडचण वेगळीच होती. परीक्षा बदलली की गुण निम्म्यावर येणार, आणि ते माझ्या वरिष्ठांच्या कारकिर्दीच्या नोंदीत दिसणार. दोन महिने मी टिपणे लिहिली आणि ती परत आली. शेवटी एक मार्ग सुचला. नौकेवरून आलेल्या एका जुन्या चीफला, म्हणजे वीस वर्षांची सेवा झालेल्या नौसैनिकाला मी केंद्राच्या प्रमुखांसमोर उभे केले आणि त्याच्याच शब्दांत सगळे सांगायला लावले. अधिकाऱ्याच्या टिपणाने जे झाले नव्हते, ते त्याच्या पंधरा मिनिटांच्या बोलण्याने झाले. परीक्षा रात्री, अंधारात, सुटा पंप देऊन होऊ लागली. पहिल्याच तुकडीत निम्म्याहून अधिक मुले नापास झाली आणि मला बरेच ऐकून घ्यावे लागले. निर्देशकांनाही, म्हणजे शिकवणाऱ्यांनाही, नव्याने शिकावे लागले, कारण त्यांतल्या काहींना स्वतःलाच तो पंप अंधारात जोडता येईना. वर्षभराने पत्रे कमी झाली. त्याचे श्रेय कितपत माझे आणि कितपत नव्या पंपांचे, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही, कारण त्याच सुमारास पंपांची खरेदीही झाली होती.

प्रशिक्षणाचे नेतृत्व म्हणतात ते बहुतांशी या स्वरूपाचे असते. त्यात आरोळ्या नसतात. चाळीस-पन्नास निर्देशक, त्यांतले बरेच वयाने मोठे, आपापल्या विषयात आपल्यापेक्षा जाणते. त्यांच्या सवयी मोडायच्या आणि मान मात्र राखायचा. शिवाय प्रत्येक तरुण अधिकाऱ्याकडे डिव्हिजनल ऑफिसर म्हणून ठरावीक मुलांची जबाबदारी असते. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोण पैसे पाठवतो, कोण गप्प झाला आहे, हे त्याला ठाऊक असावे लागते. आपल्याकडचे जुने मास्तर हे काम कोणी न सांगता करत. आमच्या वडिलांना गावातल्या प्रत्येक घरातली चूल पेटली की नाही ते माहीत असे. नौदलात तेच काम नियमाने नेमून दिलेले आहे, एवढाच फरक.

या शाखेचे एक जुने काम आज फारसे बोलले जात नाही, पण मला त्याचे मोल मोठे वाटते. नौसैनिकाला अधिकारी व्हायचे असेल तर त्याला ‘हायर एज्युकेशनल टेस्ट’, म्हणजे आमच्या बोलीत ‘एचईटी’, द्यावी लागे, आणि तिचे वर्ग आम्ही संध्याकाळी घेत असू. दिवसभर ग्रीसमध्ये हात माखलेली माणसे कलनशास्त्र शिकायला बसत. एका कोकणी माणसाला, मालवणकडच्या रापणीवाल्याच्या मुलाला, तीन वेळा गणिताने अडवले. चौथ्या वेळी तो उत्तीर्ण झाला. पुढे अधिकारी होऊन तो माझ्याच केंद्रात बदलून आला, तेव्हा मेसमध्ये माझ्या शेजारी बसताना त्याला पहिले काही दिवस फार अवघडल्यासारखे झाले, आणि खरे सांगायचे तर मलाही.

आता काळ बदलला आहे. २०२२ पासून नौसैनिकांना चार वर्षांसाठी भरती करणारी अग्निपथ योजना आली आणि अग्निवीरांची पहिली तुकडी २८ मार्च २०२३ रोजी चिल्काहून बाहेर पडली. तीत २७३ मुली होत्या. चार वर्षांच्या सेवेतले सोळा आठवडे प्राथमिक प्रशिक्षणात जातात. सेवा आखूड झाली की प्रशिक्षणातला प्रत्येक वाया गेलेला दिवस महाग पडतो. काय वगळायचे, हे ठरवणे काय शिकवायचे यापेक्षा कठीण होऊन बसले आहे. आपली कन्या गेली तर याच वादात तिची उमेदीची वर्षे जातील. या योजनेवर माझी स्वतःची मते आहेत, पण ती इथे अप्रस्तुत आहेत.

शिक्षणाचे दुसरे टोक पाहायचे तर गोव्याबाहेर जावे लागत नाही. अकादमी गेली, पण २०११ मध्ये मुंबईच्या ‘करंजा’ तळावरून नेव्हल वॉर कॉलेज वेऱ्याला आले, आणि मार्च २०२४ मध्ये तिथे ‘चोला’ ही नवी इमारत उभी राहिली. तिथे शिकायला येणारे तिन्ही दलांतले ज्येष्ठ अधिकारी असतात. त्यांना माहिती देण्यात अर्थ नसतो. त्यांच्यासमोर खडतर परिस्थिती मांडायची, त्यांना निर्णय घ्यायला लावायचे आणि मग तो निर्णय त्यांच्याच तोंडून तपासून घ्यायचा. तिथे काही काळ व्याख्याता म्हणून जाताना मला पहिल्या दिवशी घाम फुटला होता. वास्कोला जलसर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे, दाबोळीला ‘हंसा’ या नौदलाच्या हवाई तळावर वैमानिकांचे प्रशिक्षण चालते, हे आपल्याला ठाऊकच असेल.

मुलींच्या बाबतीत चित्र पुष्कळ सुधारले आहे. नौदलाने १९९२ पासून महिला अधिकारी घेतल्या आणि पहिल्या मोजक्या शाखांत शिक्षण शाखा होती. २००८ मध्ये या शाखेत त्यांना कायम कमिशनची, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंतच्या नेमणुकीची, वाट खुली झाली, आणि १७ मार्च २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती इतर शाखांतही रुंदावली. ‘किनाऱ्यावरची शाखा’ म्हणून समुद्र कायमचा दुरावतो, हाही गैरसमज आहे. दिवाडीच्या शिपयार्डमध्ये बांधलेल्या ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून लेफ्टनंट कमांडर दिलना आणि लेफ्टनंट कमांडर रूपा २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ मे २०२५ रोजी इथेच परतल्या. त्यांपैकी एक लॉजिस्टिक्सची आणि दुसरी शस्त्र-निरीक्षणाची अधिकारी आहे. दोघींनी आधी मांडवीच्या तीरावरच वर्षानुवर्षे शिडे ओढली होती.

उणिवा लपवून उपयोग नाही. पहिले कमिशन अल्पकालीन असते: दहा वर्षे, आणि पुढे चार वर्षांपर्यंत वाढ. कायम कमिशन मिळाले नाही तर पस्तिशी-चाळिशीच्या मध्ये बाहेर पडावे लागते, ग्रॅच्युइटी मिळते, पेन्शन मिळत नाही. कायम कमिशन सगळ्यांना मिळत नाही. जागा आणि कामगिरी या दोहोंवर ते अवलंबून असते. शिक्षण अधिकारी युद्धनौकेचा कप्तान होत नाही. अकादमी किंवा वॉर कॉलेजचे प्रमुखपदही परंपरेने एक्झिक्युटिव्ह, म्हणजे नौका चालवणाऱ्या व लढवणाऱ्या, शाखेकडे असते. कमांडरपर्यंतचा प्रवास बराचसा सरळ आहे, कॅप्टनपदाला निवड कडक होते आणि त्यावर अगदी थोडे जण जातात, कारण शाखाच लहान आहे. ज्याला हुकूम सोडण्याचीच हौस आहे त्याने इकडे येऊ नये. बदल्यांचा जाच घरच्यांना अधिक होतो. माझ्या मुलीने दहावीपर्यंत पाच शाळा बदलल्या आणि ते ती अजून मला ऐकवते. म्हणून दहा वर्षांनंतरची तजवीज आधीच करून ठेवणे शहाणपणाचे. जमल्यास आताच प्राध्यापकपदासाठीची ‘नेट’ ही पात्रता परीक्षा द्यावी, म्हणजे परतल्यावर महाविद्यालयाचे दार उघडे राहील.

प्रवेशाविषयी फार लिहीत नाही. एम.एस्सी.ला साठ टक्के आणि बी.एस्सी.ला गणित विषय, एवढे आहे ना ते पाहावे. वयाची अट त्या त्या जाहिरातीत नीट वाचावी. गुणांवर प्राथमिक निवड, मग पाच दिवसांची एसएसबी, म्हणजे सेवा निवड मंडळाची मुलाखत व चाचण्या, मग वैद्यकीय तपासणी, आणि निवड झाल्यावर एझिमला. एसएसबीसाठी महागडे क्लास लावण्याची गरज मला कधी वाटली नाही. तिथे माणूस पाच दिवस सतत नजरेखाली असतो, आणि पाठ केलेली उत्तरे तिसऱ्या दिवशी उघडी पडतात. त्यापेक्षा तिने या महिन्यापासून आठवीच्या पाच-सहा मुलांना, शक्यतो गणिताची भीती असलेल्यांना, घरी शिकवून पाहावे. ते तिला आवडते की त्याचा कंटाळा येतो, हे तिला स्वतःलाच कळेल, आणि मुलाखतीत सांगायला खरे काहीतरी हाताशी असेल.

शेवटची गोष्ट अगदी साधी, पण गोव्याची मुले इथेच अडतात. एवढ्या नद्या आणि एवढा समुद्र असूनही आपल्यातल्या पुष्कळांना पोहता येत नाही, आणि अकादमीत पोहण्याच्या चाचणीत नापास झालेल्यांना इतर जण झोपलेले असताना पहाटे पाण्यात उतरावे लागते. मी त्या पहाटेच्या रांगेत दोन महिने होतो. साखळीहून पणजीची बस सोयीची आहे, कांपालला तरणतलाव आहे; पावसाळा संपायची वाट न पाहता तिचे नाव तिथे घालावे.